मुंगसाच्या तोंडाला रक्त होतं, आणि आत्या तिथंच थांबायची

धोटा

आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत. वडील मागावर, आई चुलीपाशी, आणि सोप्यात आत्या कांड्या भरत बसलेली. एका हातानं चरखा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं. आम्ही चार पोरं तिच्याभोवती. सूत तुटलं की चरखा थांबायचा आणि गोष्टही थांबायची. सिंह विहिरीत डोकावतोय, आत त्याला दुसरा सिंह दिसतोय, आणि नेमकं तेव्हाच सूत तुटायचं. मग ती सुताची दोन टोकं शोधून, जिभेनं ओली करून गाठ मारेपर्यंत आम्ही तिच्या बोटांकडं बघत बसायचो.

आत्या दुसरीपर्यंत शिकलेली. पंचतंत्र हा शब्द तिला माहीत नव्हता. तिच्या आजीनं सांगितलेल्या गोष्टी ती आम्हाला सांगायची. पण एक गोष्ट मला मोठेपणी लक्षात आली. तिनं कधीच तात्पर्य सांगितलं नाही.

मुंगसाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेल. ब्राह्मणाची बायको तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवून पाण्याला जाते, घरी पाळलेलं मुंगूस असतं. आत्या सांगायची, "घागर भरून दारात आली. मुंगूस धावत समोर आलं. तोंडाला रक्त." चरखा थांबायचा. "घागर टाकली त्याच्या अंगावर. मग आत गेली. पोर झोपलेलं. पाळण्याखाली नाग तुकडे होऊन पडलेला." संपली गोष्ट. आम्ही विचारायचो, "मग?" ती म्हणायची, "मग काय? कांड्या न्या आत, बाबा थांबलेत."

चौथीत हीच गोष्ट धड्यात आली. खाली ठळक अक्षरात तात्पर्य: अविचाराने कोणतीही कृती करू नये. बाईंनी ते पाच वेळा लिहून आणायला लावलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, शेरा मिळाला, आणि विसरलो.

पुढं वडील गेल्यावर माग माझ्याकडं आले. एक कामगार होता, माझ्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. एका शनिवारी पगाराचे पैसे गल्ल्यात सापडेनात. सकाळी तो एकटाच आत होता, एवढं माझ्या डोक्यात बसलं. चार माणसांसमोर मी नको ते बोललो. तो काही बोलला नाही. हात धुतले, डबा उचलला आणि निघून गेला. सोमवारी पैसे हिशेबाच्या वहीच्या पुठ्ठ्यात मिळाले. मीच शुक्रवारी रात्री तिथं ठेवले होते.

त्याच्या घरी गेलो तर तो इचलकरंजीला पॉवरलूमवर निघून गेला होता. संध्याकाळी सोप्यात येऊन बसलो. आत्याला कुणीतरी सगळं सांगितलेलं असणार. तिनं माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "घागर टाकलास होय रे?"

तीस वर्षांनी ती गोष्ट माझ्यापर्यंत पोचली. पाच वेळा लिहिलेलं तात्पर्य त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते घागर आणि रक्त.

हा धागा काढायचं कारण असं. भावाचा नातू मोबाईलवर याच गोष्टी बघतो. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी रंगीत पाटी येते आणि एक आवाज बोध वाचून दाखवतो. पोरगं पाटी आली की पुढची गोष्ट लावतं. म्हणजे पाटी आली की गोष्ट संपली, विचार करायचं काम संपलं. मला वाटतं, तात्पर्य बांधून दिलं की गोष्ट पोराच्या हातून सुटते. आत्यानं ती आमच्या हातात उघडी ठेवली म्हणून ती इतकी वर्षं टिकली.

तुमच्या घरात कोणती गोष्ट होती? कुणी सांगितली, आणि ती कधी उपयोगाला आली? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलेही असा, लिहा.

---

मार्कंडेयाकाठ

वाचून काही वेळ तसाच बसलो. तो कामगार नंतर भेटला का?

---

धोटा

भेटला, दोन वर्षांनी, एका लग्नात. मी माफी मागितली. त्यानं हात हातात घेतला, माझ्या आईची चौकशी केली. पण मागावर परत आला नाही.

---

रताळ्याचं रान

आमची गोष्ट बांधाची आहे. कडोलीकडचे आम्ही.

वडील आणि काका यांच्यात दोन हात रुंदीच्या पट्टीवरून अकरा वर्षं कोर्ट चाललं. बांधावर एक जांभळाचं झाड, ते कुणाच्या हद्दीत एवढाच प्रश्न. प्रत्येक तारखेला दोघंही एकाच बसनं बेळगावला जायचे, वेगवेगळ्या बाकड्यावर बसून. वकिलाची फी, उताऱ्याच्या नकला, मोजणीचे पैसे. आधी बैलजोडी गेली, मग आईच्या बांगड्या.

आजोबा तेव्हा होते. त्यांनी एक दिवस बांधावर भाकरी सोडून आम्हा दोघा चुलतभावांना गोष्ट सांगितली. एका झाडाच्या ढोलीत तितर राहायचं. भात पिकलं म्हणून ते साथीदारांबरोबर दूरच्या शेतात गेलं आणि पोट भरण्यात बरेच दिवस तिकडंच राहिलं. मागं ढोलीत ससा येऊन बसला. तितर परत आलं, म्हणालं, घर माझं. ससा म्हणाला, राहतो त्याचं घर. भांडण मिटेना. तेव्हा नदीकाठी एक बोका दर्भ हातात धरून, सूर्याकडं तोंड करून तप करत उभा होता. दोघं त्याच्याकडं न्याय मागायला गेले. बोका म्हणाला, "म्हातारा झालोय बाबांनो, ऐकू कमी येतं. जवळ येऊन सांगा."

आजोबांनी पुढचं सांगितलंच नाही. आम्ही दोघं पोरं, आम्हाला कळलं. वडील आणि काका पाच-पाच हातांवर पाठ करून जेवत होते, त्यांनाही ऐकू गेलं असणार. पण ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या दोघांना कोर्टासाठी पैसे देणारा माणूस एकच होता. यालाही त्यानंच दिले, त्यालाही त्यानंच. शेवटी दोघांचाही एकेक तुकडा त्याच्याकडं गहाण पडला. पट्टीपेक्षा कितीतरी मोठा.

वडील-काका गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून हद्दीचा दगड रोवला. जांभूळ दोन्ही घरची. आता त्या बाजूला दोघांची रताळी एकाच ट्रॅक्टरमधून मार्केटला जातात.

नंतर एकदा वाचनालयात पंचतंत्राचं भाषांतर हाताला लागलं. त्यात ससा चक्क वहिवाटीचा कायदा सांगतो, दहा वर्षं ज्यानं शेत उपभोगलं ते त्याचं! वाचून अंगावर काटा आला. आमच्या वकिलाच्या तोंडचे शब्द.

---

निवृत्त संस्कृत

धागा मनापासून आवडला. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, म्हणून थोडं वेगळं मत मांडते. रागावू नये.

पंचतंत्रात तात्पर्य नाही असं नाही. उलट तिथं ते गोष्टीच्या आधीच येतं. एक पात्र श्लोक म्हणतं, ऐकणारं पात्र विचारतं, "कथमेतत्?" म्हणजे "ते कसं काय?" आणि मग गोष्ट सुरू होते. उदाहरणार्थ,

अव्यापारेषु व्यापारं यो नरः कर्तुमिच्छति ।
स एव निधनं याति कीलोत्पाटीव वानरः ॥

ज्याचं जे काम नाही त्यात जो हात घालतो, तो पाचर उपटणाऱ्या माकडासारखा मरतो. एवढं ऐकून "कोणतं माकड?" असं विचारल्याशिवाय राहवतच नाही. तेव्हा धोटा, तुमच्या नातवाच्या मोबाईलमधली चूक तात्पर्य सांगण्यात नाही. ते शेवटी सांगितलंय आणि मुलानं काही विचारायच्या आत सांगितलंय, ही चूक. विष्णुशर्म्यानं शिष्याच्या तोंडी प्रश्न ठेवला. राजा अमरशक्तीच्या तीन मुलांना सहा महिन्यांत शहाणं करतो अशी पैज होती त्याची. बहुशक्ती, उग्रशक्ती, अनंतशक्ती. ही मुलं शास्त्राच्या पाठांतराला कंटाळलेली. त्यांना "कथमेतत्" विचारायला लावलं की निम्मं काम झालं.

आणि दुसरी गोष्ट. एकाच कथेचं एकच तात्पर्य असतं हा समज शाळेच्या पुस्तकानं पसरवलाय, आणि त्यात मीही सामील होते. कासव आणि दोन हंसांची कथा घ्या. काठी तोंडात धरून कासव उडतं, खालचे लोक ओरडतात, ते बोलायला तोंड उघडतं आणि पडतं. आपण मुलांना सांगतो, गप्प बसावं. जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, तोच रोख आहे. तिथं एक राजा फार बडबड्या असतो, कासव त्याच्याच अंगणात पडून फुटतं, आणि बोधिसत्त्व असलेला अमात्य ती संधी साधून राजाला समजावतो. पण पंचतंत्रात ही कथा टिटवी आपल्या नवऱ्याला सांगते. तो समुद्रकाठी अंडी घालायला सांगतोय, ती म्हणतेय, समुद्र नेईल. तिच्या श्लोकात बोलण्याचा विषयच नाही. "सुहृदां हितकामानां न करोतीह यो वचः", हित चिंतणाऱ्या मित्रांचं जो ऐकत नाही, तो त्या कासवासारखा काठीवरून पडतो. कथा तीच, काठी तीच, कासव तेच. सांगणारी बदलली, अडचण बदलली, अर्थ बदलला.

त्यामुळं तुमच्या आत्याबाईंचं मला पटतं, पण त्यांनी तात्पर्य सांगितलं नाही हे पटत नाही. "घागर टाकलास होय रे?" हे तात्पर्यच होतं. फक्त ते योग्य माणसाला, योग्य संध्याकाळी सांगितलं.

---

धोटा

रागावेन कशाला बाई. "कथमेतत्" हे मला माहीत नव्हतं. उलट आता कळलं की आत्या गोष्ट सुरू करताना "घागरवालीसारखं करू नको" असं काहीतरी पुटपुटायची आणि आम्ही म्हणायचो, "कोण घागरवाली?" तिच्या आजीकडून तेवढा धागा आलेला दिसतो.

पण वहीत पाच वेळा लिहायला लावण्याबद्दल माझं मत तेच आहे.

---

रताळ्याचं रान

टिटवीवरून आठवलं. आमच्याकडं उन्हाळ्यात मोकळ्या रानात टिटवी अंडी घालते. घरटं म्हणजे नुसती खळगी आणि भोवती खडे. अंडीही खड्यांसारखीच, पाय पडायच्या बेतात येईतो दिसत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडते तेव्हा कळतं. आजोबा तेवढा तुकडा सोडून नांगर वळवायचे. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खोलगट जागी घातली तर कमी, असं म्हणायचे. समुद्रानं तिची अंडी नेली पुढं काय झालं?

---

निवृत्त संस्कृत

नवऱ्यानं हार मानली नाही. सगळ्या पक्ष्यांना गोळा केलं, ते गरुडाकडं गेले, गरुड विष्णूकडं. समुद्रानं घाबरून अंडी परत केली. गंमत बघा, बायकोचं बरोबर होतं, समुद्रानं अंडी नेलीच. आणि शेवटी नवऱ्याचंही बरोबर ठरलं.

---

घटप्रभेची लेक

माझं माहेर गोकाककडचं, घरची भाषा कन्नड. लग्न होऊन बेळगावात मराठी घरात आले. चुका असतील तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं मुलांना पहिली गोष्ट पुण्यकोटीची सांगतात. पुण्यकोटी नावाची गाय, कळपातून मागं राहते, वाघ अडवतो. ती म्हणते, घरी वासरू भुकेलं आहे, त्याला दूध पाजून परत येते, मग मला खा. वाघ सोडतो. ती जाते, वासराला शेवटचं दूध पाजते, इतर गाईंना सांगते, याला आपलं समजा. आणि खरंच परत जाते. वाघाला स्वतःचीच लाज वाटते आणि तो जीव देतो. आमच्या आईच्या डोळ्यात या गोष्टीला दरवेळी पाणी यायचं, वासराच्या जागी.

मी नर्स आहे. मुलगी दीड वर्षाची असताना नाइट ड्यूटी लागायची. संध्याकाळी निघताना ती पदर सोडत नसे. मी रोज कन्नडमध्ये सांगायचे, अम्मा पुण्यकोटी आहे, सकाळी परत येणार. सासूबाईंना कन्नड समजतं पण बोलता येत नाही. एका सकाळी घरी आले तर त्या मुलीला मांडीवर घेऊन मराठीत सांगत होत्या, "पुण्यकोटी म्हणाली, वाघोबा, मी येते की परत, शब्द दिलाय." रात्रीतून ती गोष्ट त्यांनी आपली केली होती. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ही बघ, आली." त्या दिवसापासून घरात मी परकी नाही असं मला वाटायला लागलं.

कासवाबद्दल बाईंनी लिहिलं. आमच्याकडं म्हणतात, मातु आडिदरे होयतु, मुत्तु ओडेदरे होयतु. बोललेला शब्द गेला तो गेला, फुटलेला मोती गेला तो गेला.

मला एक विचारायचं आहे. मुंगसाच्या गोष्टीत चूक नेहमी बाईचीच का? पाळण्याजवळ पोराला सोडून तो नवरा कुठं होता?

---

निवृत्त संस्कृत

फार चांगला प्रश्न. तुमचं मराठी सुरेख आहे.

पंचतंत्रात बायको नवऱ्याला "पोराकडं लक्ष ठेव" असं सांगूनच पाण्याला जाते. तो घर सोडून भिक्षेला निघून जातो. म्हणून तो परतल्यावर ती त्यालाच बोलते, लोभी माणसा, माझं ऐकलं नाहीस म्हणून हे झालं. आपण मुलांना सांगताना हा भाग गाळतो आणि दोष सगळा तिच्यावर ठेवतो. हितोपदेशात तर पूर्ण उलटं आहे. तिथं बायको स्नानाला जाते, पोर बापाच्या हवाली करते. राजाकडून श्राद्धाचं बोलावणं येतं, दक्षिणा दुसरा कुणी नेईल या घाईनं तो मुंगसावर पोर सोपवून निघतो. परत येऊन मुंगसाला मारतो तोही तोच. हितोपदेश लिहिणाऱ्या नारायण पंडितानं ही घागर बाईच्या हातून काढून घेतली.

वर्गात मी ही दोन्ही रूपं कधी एकत्र सांगितली नाहीत. सांगायला हवी होती.

---

घटप्रभेची लेक

आज सासूबाईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

---

कित्तूरवाट

थोडी माहिती घालतो. या गोष्टी संस्कृतातून मराठीत आल्या एवढंच आपण धरून चालतो, पण आपल्या या मुलखात त्या कन्नडमध्ये हजार वर्षांपासून आहेत. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा दुसरा जयसिंह, त्याच्या दरबारी दुर्गसिंह नावाचा संधिविग्रही होता, म्हणजे युद्ध आणि तह पाहणारा मंत्री. त्यानं १०३१ मध्ये कन्नड पंचतंत्र लिहिलं. आणि ते विष्णुशर्म्याच्या नव्हे, वसुभाग भट्टाच्या पाठावर आधारलेलं आहे. म्हणजे तह करण्याचं काम ज्याचं, त्यानंच करटक-दमनक या पंचतंत्रातल्या दोन कोल्ह्यांच्या कथा लिहायला घेतल्या.

पट्टदकलला मुलांना घेऊन गेलो होतो. आठव्या शतकातली देवळं, विक्रमादित्य दुसरा याच्या राण्यांनी बांधवलेली. खांबांवर रामायण-महाभारताच्या शेजारी पंचतंत्रातल्या कथाही कोरल्यात. आमच्या मुलाला अर्जुन ओळखता आला नाही, पण जनावरं दिसल्याबरोबर तो गोष्ट सांगायला लागला. शेजारी एक कन्नड कुटुंब होतं, त्यांची मुलगी त्याच खांबापाशी तीच गोष्ट कन्नडमध्ये सांगत होती. दोघांना एकमेकांचं अर्धं कळत होतं, आणि तेवढं पुरत होतं.

हेच करटक-दमनक सहाव्या शतकात इराणला गेले. बुर्झोय नावाच्या वैद्यानं पहलवीत, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, नेले. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फानं अरबीत आणले तेव्हा त्यांची नावं झाली कलीला आणि दिमना.

---

पाचर

हे नाव याच धाग्यासाठी घेतलं. खानापूरकडचा आहे, घरचा धंदा लाकडाचा.

वर बाईंनी श्लोक दिला त्या माकडाची गोष्ट. देऊळ बांधायचं काम चाललेलं, सुतार ओंडका अर्धा चिरून, फट मिटू नये म्हणून मध्ये पाचर ठोकून जेवायला गेलेला. माकड ओंडक्यावर बसतं, पाचर उपटतं, फट मिटते.

आमच्या वखारीत नवीन पोरगा आला की वडील पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायचे. सांगताना हातात खरी पाचर असायची, बाभळीची, कडा झिजलेली. ओंडक्यात ठोकून दाखवायचे. "कान लाव," म्हणायचे. ताणलेलं लाकूड बारीक कुरकुरतं, ते ऐकवायचे. मग पाचर काढायचे आणि फट कटकन मिटायची. पोरगा दचकून मागं सरकायचा. झाला धडा.

दुसऱ्या एका ठिकाणी मी काही महिने होतो. तिथं भिंतीवर सूचना लावलेल्या होत्या, चांगल्या मोठ्या अक्षरात. गोष्ट कुणी सांगत नव्हतं. तिथं एका पोराची दोन बोटं गेली. मी तेव्हा दहा पावलांवर होतो. सूचना त्याच्या डोक्याच्या अगदी वर होती.

अजून एक. आपण ही गोष्ट "नको तिथं नाक खुपसू नको" म्हणून सांगतो. वडिलांनी तशी कधीच सांगितली नाही. ते म्हणायचे, माकडाला पाचर दिसली, लाकडातला ताण दिसला नाही.

---

पुण्यातला बेळगावकर

मी जरा विरोधात लिहितो. यातल्या काही गोष्टी मला लहानपणी फार टोचल्या. निळ्या कोल्ह्याची सगळ्यात जास्त. रंगाऱ्याच्या नीळीच्या भांड्यात पडतो, निळा होतो, जंगलाचा राजा बनतो, एक दिवस कोल्हेकुई करतो आणि मारला जातो. आम्हाला सांगितलेलं तात्पर्य: आपली पायरी ओळखून राहावं. ज्याला आधीच कुणी पायरी दाखवत असतं, त्या घरातल्या पोराला ही गोष्ट कशी वाटत असेल? मला तशी वाटली आहे. म्हणून माझ्या मुलीला मी ती सांगितली नाही.

पुण्याला आलो तेव्हा ऑफिसात माझं बोलणं ऐकून लोक हसायचे. शब्दाच्या शेवटी येणारा "की", ती आपली लांब ओढ. वर्षभरात मी सगळं पुसून टाकलं. गावाहून फोन आला की बाहेर जाऊन, हळू आवाजात बोलायचो. आणि एकदा स्वारगेटला रात्री बसची वाट बघत होतो, मागून कुणीतरी ओरडलं, "काय करालायस बे, चल की लवकर!" मला उद्देशून नव्हतं. दोन पोरं होती. मी वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "कुठले रे तुम्ही? अनगोळचे काय?" बरोबर ऑफिसातले तिघे होते, ते बघतच राहिले.

---

निवृत्त संस्कृत

तुम्ही ज्या अर्थाला विरोध करताय तो करायलाच हवा. पण मूळ कथा एकदा वाचा. कोल्हा राजा झाल्यावर पहिलं काय करतो? सिंह-वाघांना जवळची पदं देतो आणि आपल्या जातभाई कोल्ह्यांना हद्दपार करतो. श्लोकही तेच सांगतो, ज्यानं आतल्यांना दूर लोटलं आणि बाहेरच्यांना आत घेतलं, तो मरतो. पायरीचा उल्लेखच नाही.

आणि तो ओरडतो कधी? एके दिवशी लांबून कोल्ह्यांचा आवाज येतो. त्याच्या अंगावर रोमांच येतात, डोळे आनंदाश्रूंनी भरतात, तो उठतो आणि उंच सुरात साद घालतो. संस्कृतात अगदी हेच शब्द आहेत, "आनन्दाश्रुपूर्णनयनः". मी ही ओळ कित्येक वर्षं शिकवली. तुमचं स्वारगेट वाचेपर्यंत मला तो कोल्हा असा दिसला नव्हता.

---

पुण्यातला बेळगावकर

बाई, काय लिहू कळत नाही. आनंदाश्रूंचं कुणीच सांगितलं नव्हतं. आज रात्री मुलीला ही गोष्ट सांगतो, पण बेळगावच्या बोलीत.

---

धोटा

निळ्या कोल्ह्यावरून सांगतो. आमच्या शेजारी सूत रंगवायचं काम चालायचं. रंगाची मोठी कढई, वाफा, आणि रंगवणाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे. आत्या त्यांच्याकडं बोट दाखवून म्हणायची, "कोल्हा यांच्याच कढईत पडलेला." आम्ही दोन दिवस त्या कढईजवळ जायला घाबरायचो. तिनं ती गोष्ट सांगितली तेव्हा कोल्हा मरायचा नाही. ओरडायचा, आणि लांबून बाकीचे कोल्हे उत्तर द्यायचे. तिथं ती थांबायची. ही तिची चूक की तिच्या आजीची, की त्यांनी जाणून केलेला बदल, मला माहीत नाही. तिला विचारायला हवं.

आत्या आता ऐंशीच्या पुढं गेली आहे. डोळे अधू झालेत, ऐकू चांगलं येतं. कांड्या भरायचं कधीच बंद झालं, पण गोष्ट सांगताना उजवा हात आपोआप चरख्यासारखा फिरतो.

---

कित्तूरवाट

मग थांबलोय कशाला? तिच्या गोष्टी रेकॉर्ड करूया. माझ्याकडं चांगला माइक आहे. येत्या रविवारी दुपारी वडगावला येऊ शकतो.

---

घटप्रभेची लेक

रविवारी मला सुट्टी आहे. सासूबाईंनाही आणू का? त्यांना काही गोष्टी येतात आणि त्यांना बोलायला जोडीदार मिळेल. मुलगी येईलच बरोबर.

---

धोटा

जरूर आणा. दुपारी जेवणानंतर ती थोडी झोपते, चारनंतर या. सोप्यात बसू. एक विनंती, माइक लावलाय हे तिला सांगू, पण "आता तात्पर्य सांगा" असं कुणी विचारू नका.

---

रताळ्याचं रान

मीपण येतो. रताळी आणतो, उकडून. आत्याबाईंना साखर आहे का?

---

धोटा

आहे. पण एखादी फोड मागेलच. मोठी आणू नका, बारीक बघून आणा.